उघाडीवरची ढोकरी

तुमच्या शिक्षणाचे श्रेय कुणाला, असे मला निरोपसमारंभांत आणि सत्कारांत पुष्कळदा विचारले गेले. विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मी एखाद्या हेडमास्तरांचे किंवा दानशूर गृहस्थांचे नाव घ्यावे. मी नाव घेतो ते चांगुणाचे. चांगुणा ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती बाळकुमला भावाच्या घरी परत आली, ती कायमची. जन्मभर तिने आगरावर मीठ ओढले. तिला एक अक्षर वाचता येत नव्हते. हे ऐकून लोक मान डोलावतात आणि म्हणतात, म्हणजे तिने कष्ट करून तुम्हांला शिकवले. नाही. कष्ट घरातल्या सगळ्यांनीच केले. चांगुआत्याचे देणे निराळे आहे. एखादी गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली असेल तर ती पाहिलीच नाही असे कुणाच्याही भिडेखातर म्हणायचे नाही, हे मला तिच्यामुळे कळले. पदवीच्या परीक्षेला असा विषय नव्हता, पण माझ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त उपयोगी पडला तो हाच.

आमचे घर खाडीच्या अंगाला, वस्तीच्या अगदी शेवटी होते. कुडाच्या भिंती, पुढे ओटी, मागे भाताची कणगी. दाराबाहेर पाऊल टाकले की खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, सुरू. भरतीचे पाणी आत घेऊन वाफ्यांत खेळवायचे, उन्हाने ते आटले की तळाला मिठाचा थर बसतो, तो लाकडी फावड्याने ओढून बांधावर ढीग करायचे. दुपारी बाकीचे गाव पडवीत निजले, की वाऱ्याबरोबर ते ओढण्याचे आवाज घरात येत. खर्रर्र, मग जरा थांबून पुन्हा खर्रर्र. कुणाचे फावडे कुठले हे आई न बघता सांगे. आत्याचे ओढणे लांब आणि एकसारखे असे, बांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, तुटक. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि आत्याने येताना चिखलातून निवट्या, बोटाएवढी चिखलमासळी, धरून आणल्या असल्या तर त्यांचे चिंच घातलेले कालवण. त्या कालवणाची चव मला पुढे कुठल्याही खानावळीत सापडली नाही. आता दात राहिले नाहीत, तरी निवटीचे काटे जिभेने वेगळे करायची सवय शाबूत आहे. सून हसते, हसू दे.

बाळकुमची मराठी शाळा संपल्यावर मी इंग्रजी शाळेसाठी कल्याणला गेलो आणि आप्पांच्या फोटो स्टुडिओत राहू लागलो. आप्पा हे बांच्या मिठाच्या व्यापाऱ्याचे मेहुणे. सकाळ-संध्याकाळ स्टुडिओत काम करायचे, त्याबदली मागच्या खोलीत राहायचे आणि दोन वेळ जेवायचे, असे ठरले. आप्पांचेही माझ्यावर उपकार आहेत आणि मी ते नाकारीत नाही. काचेच्या छपराची ती खोली, पाठीमागे रंगवलेला बाग-कारंज्याचा पडदा, माणसाची मान हलू नये म्हणून मागून लावायचा लोखंडी चिमटा, हे सगळे मला त्यांनी दाखवले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर माणसे उलटी, डोके खाली पाय वर, दिसतात हे पाहून पहिल्या दिवशी मी मोठ्याने हसलो आणि एक थप्पड खाल्ली.

त्या कॅमेऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्या नातवाच्या हातात जो डबा आहे त्यात बटण दाबले की काम होते आणि त्याला वाटते कॅमेरा म्हणजे नेहमी असाच. आमच्या वेळी भिंगाच्या नळीला वरून एक खाच असे. तिच्यात पितळेच्या पट्ट्या घालायच्या. प्रत्येक पट्टीला एक भोक, कुठलीचे मोठे, कुठलीचे वाटाण्याएवढे. मोठे भोक लावले तर उजेड भरपूर येतो आणि मसाला लावलेल्या काचेला, जिच्यावर चित्र उतरे तिला, क्षणभरच दाखवावे लागते, पण अंतराचा एवढासाच टप्पा स्पष्ट उतरतो, पुढचे मागचे सगळे विरघळते. बारीक भोक लावले तर पुढचे मागचे सगळे रेखीव येते, पण मग भिंगावरचे टोपण काढून आकडे मोजत उभे राहावे लागते. माणसाला सांगता येते, हलू नका. आप्पांचा नियम एकच होता. बारीक भोक, लांब मोजणी. "गिऱ्हाईक पैसे देतं ते कोटाच्या शेवटच्या गुंडीपर्यंतचे," ते म्हणत. "गुंडी पुसट आली तर तो गुंडीचे पैसे कापून घेईल." आणि एवढे करूनही काचेवर काही डाग, सुरकुती, देवीचा वण राहिला, तर आप्पा वार्निश दिलेल्या त्या काचेवर शिसपेन्सिलीने असे बारीक काम करीत की देवीचे वण असलेला मामलेदार छापात गुळगुळीत होऊन बाहेर पडे. या कामात त्यांचा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात नव्हता. गिऱ्हाइके त्यासाठीच येत.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना जिल्ह्याचे प्रदर्शन भरायचे ठरले. धान्य, हातमाग, गुरे, आणि एका दालनात फोटो. फोटोंचे परीक्षक एक रावसाहेब होते. पेन्शनीत निघालेले अंमलदार, बंदुकीचे शौकीन. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटांतून भुसा भरलेले पक्षी ओळीने उभे असत आणि पक्ष्यांतले कळते ते आपल्यालाच, असे त्यांचे म्हणणे होते. हेच रावसाहेब एका शिक्षण-फंडाचेही प्रमुख होते. मुंबईच्या कॉलेजात दर साल एका मुलाला त्या फंडातून फुकट शिकता येई, आणि त्या मुलाचे नाव रावसाहेबांच्या शिफारशीने ठरे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीही झाले नव्हते. ती जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर फावडे, हे मला, बांना आणि आत्याला सारखेच ठाऊक होते. आप्पांनाही ठाऊक होते. ते म्हणाले, "रावसाहेबांना पक्षी आवडतात. तू खाडीवरचा. सुट्टीत घरी जातोयस तर जुना कॅमेरा घेऊन जा. बारा काचा देतो. एक तरी पक्षी आण. बक्षीस स्टुडिओला, शिफारस तुला."

बारा काचा! मला वाटले मी बारा पक्षी आणीन. ठाण्याला उतरून कॅमेऱ्याचा पेटारा डोक्यावर आणि त्याचे तीन पायांचे तिकाटणे खांद्यावर घेऊन मी बाळकुमला आलो तेव्हा बा ओटीवर जाळे विणीत बसले होते. ते म्हणाले, "कुनाचं मयत घेऊन आला रं?"

पहिल्या काचेवर मी आप्पांचा नियम चालवला. बारीक भोक, तीन आकडे. कणगीमागे घोंगड्या टांगून, लाल कागद लावलेल्या कंदिलाच्या उजेडात, चित्र उमटावे म्हणून, ती काच धुतली. बांधाचा दगड न् दगड उतरला होता, पण बगळ्याला तीन माना होत्या आणि पाय एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी उलटे केले. सगळ्यांत मोठे भोक, टोपण काढले न काढले तोच परत लावले. या वेळी बगळ्याची शेपटी अशी स्पष्ट आली की पिसे मोजावीत, आणि डोके धुक्यात. तिसरा पक्षी मी जवळ जाईपर्यंत उडाला. चौथ्याच्या वेळी काच उलटी घातली. काचा धुवायला गोडे पाणी लागते आणि आमच्या दारची विहीर मचूळ, म्हणून आईने लांबच्या विहिरीवरून आणलेला हंडा मी संपवीत होतो. "प्यायचं पानी काचंला पाजतंय," ती शेजारणीला ऐकू जाईल असे म्हणाली. "कल्याणला जाऊन पोरगं शिकलं ते ह्या!" सहा काचा संपल्या तेव्हा मी ओटीवर तोंड भिंतीकडे करून निजलो.

संध्याकाळी आत्या पाय धुऊन आली आणि शेजारी टेकली. "काय झालं?"

"जमत नाही. मोठं भोक लावलं तर अर्धा पक्षी येतो. लहान लावलं तर पक्षी हलतो."

"हललंच की. जिता हाय."

"मला तो न हलता पाहिजे. नुसते एकदोन आकडे मोजेपर्यंत."

तिने पदराने पाय पुसले. मग म्हणाली, "ढोकरी बघितलीस का आपल्या उघाडीवरची?"

उघाडी म्हणजे बांधातले लाकडी दार. भरतीला ते उचलले की खाडीचे पाणी आत येते आणि त्याबरोबर बारीक मासळी. ढोकरी हा मातकट रंगाचा लहान बगळा, बसलेला असताना चिखलाचे ढेकूळ वाटतो. मी तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. मला पांढरेशुभ्र, उंच, दिमाखदार काहीतरी न्यायचे होते.

"मासा जवळ आला का ती हालत नाय बघ," आत्या म्हणाली. "पार मेल्यावानी हुबी ऱ्हाते. मासा फसावा म्हून. मंग एकदम टोचते. त्याच्या आदी तुजं काय ते मोजून घे."

"पण मी जवळ गेलो की उडेल."

"तू गेलास तर उडंल. मी रोज जाते, तवा उडते का?"

हे खरे होते. आगरावर मीठ ओढणाऱ्या बाईपासून चार हातांवर पक्षी चरतात. काम करणाऱ्या माणसाला ते भीत नाहीत, काम थांबवून बघणाऱ्याला भितात. आत्याला हे ठाऊक होते कारण ती तीस वर्षे काम न थांबवता बघत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने उघाडीपासून तीन-चार पावलांवर तीन काठ्या रोवल्या, त्यांवर रिकामी पाटी बांधली आणि वरून आपले पावसाळ्यातले इरले पालथे घातले. "ऱ्हाऊ दे असंच चार दिस. तिला बगू दे. तिला वाटंल, म्हातारीनं काय तरी ठेवलंय." चार दिवस मी घरात बसून पितळेच्या पट्ट्या पुसल्या आणि आकडे मोजले. मोजणे म्हणजे सेकंद मोजणे नव्हे. आप्पांकडे घड्याळ होते, माझ्याकडे नाडी. खाजणातले वैशाखाचे ऊन स्टुडिओतल्या उन्हासारखे नसते, ते वरून येते आणि मिठावरून, पाण्यावरून पुन्हा उलट येते. सकाळी नऊच्या सुमाराला सावली लांब असते तोवर पक्ष्याच्या अंगाचा उठाव दिसतो, बारा वाजता तो सपाट होतो. हे सगळे मी कागदावर मांडले आणि आप्पांचा नियम मोडायचे ठरवले. भोक मधले घ्यायचे. चोचीपासून शेपटीपर्यंत पक्षी स्पष्ट आला की पुरे, पलीकडचा बांध गेला तर गेला. आकडा एकच.

पाचव्या दिवशी काठ्या काढून तिथे तिकाटण्यावर कॅमेरा उभा केला, त्यावर इरले आणि इरल्याखाली मी. दुधी काचेवर उघाडी उलटी लटकत होती. ढोकरी उभी राहते त्या जागी मी आधीच एक काठी रोवून तिच्यावर भिंग जुळवून घेतले, मग काठी काढली. बाहेर आत्याचे फावडे चालू होते. खर्रर्र. खर्रर्र. घाम डोळ्यांत जात होता आणि हात पुसायला जागा नव्हती. इरल्याच्या फटीतून मला ढोकरी दिसली, काठी होती तिथून वीतभर अलीकडे. ती एक पाय उचलून पुढे आली. अजून थोडी. काठीच्याच जागी येऊन थांबली. पण ती हलणार की नाही हे मला तिथून कळेना. आत्या माझ्याकडे पाठ आणि ढोकरीकडे तोंड करून ओढत होती, आणि ओढता ओढता, फावड्याची लय न मोडता, आगरावर बायका एकमेकींना घालतात तशी तिने साद घातली, "ओढ गं बायो!" ती हाक माझ्यासाठी होती.

मी टोपण काढले. एक म्हटले. टोपण लावले. फावडे थांबले नाही, पण आत्या हसत होती हे मला तिच्या पाठीवरून कळले.

ती काच मी धुतली तेव्हा कंदिलापाशी आम्ही दोघेच होतो. पिसांच्या रेघा, वाकलेली मान, डोळ्याभोवतीचे कडे, सगळे उतरले होते. एकच दोष होता. मोजणीच्या अगदी शेवटी ढोकरीने मासा टोचला होता. म्हणून चोचीपासून पाण्यापर्यंत एक अस्पष्ट रेघ गेली होती, दुसऱ्या चोचीच्या सावलीसारखी, आणि पायांभोवती पाण्यावर दोन वलये. मी हळहळलो. काच अशी उलटी असते की तिच्यावर काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे दिसते, तरी आत्याने ती क्षणभर उजेडाकडे धरली आणि बोट ठेवले.

"ह्या बघ, मासा घेतला तिनं. चोच गेली ती दिसते. ह्याला काय वाईट? ह्याच तर खरं."

मी तेव्हापासून तिच्या बाजूचा आहे.

कल्याणला आप्पा काच बघून खूश झाले. खूप खूश झाले. मला पाठीवर थोपटले. मग भिंग लावून पुन्हा पाहिले आणि त्यांची भुवई वर गेली. "हा डाग कसला?"

"डाग नाही आप्पा. चोच आहे. तिने मासा टिपला."

"अरे, चोच वर आहे ना? पक्ष्याला चोच किती असतात?" शेजारचे छापखानेवाले जोशीबुवा बसले होते, ते हसले. आप्पांनी वार्निश लावले, वाळू दिले आणि पेन्सिल कोरायला घेतली. ढोकरीची पिवळी चोच त्या काळी छापात काळी येई, म्हणजे काचेवर ती कोरी राही आणि पाणी काळे. म्हणून ती रेघ भरून काढणे अगदी सोपे होते. तासाभरात रेघ गेली. वलये गेली. पाणी आरशासारखे झाले. मी शेजारी उभा राहून पाहिले आणि तोंड उघडले नाही. ती चूक माझी, आणि या प्रकरणात मी दुसऱ्यांविषयी जे लिहितो आहे त्याच्या आधी हे लिहून ठेवतो.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी रावसाहेब चित्रे पाहायला स्वतः स्टुडिओत आले. आप्पांनी खुर्ची पुसली, चहा मागवला. रावसाहेबांनी ढोकरीचा छाप हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"भुसा कुणी भरला?"

आप्पांना कळले नाही. "जी?"

"अहो, पक्षी उत्तम भरलाय. मान अशी वळवणं सोपं नाही, मला विचारा. माझ्या माणसाला दोन वर्षांत जमलं नाही. कुणाकडून आणलात?"

"साहेब, हा जिवंत पक्षी आहे," मी म्हणालो. "बाळकुमच्या आगरावरचा."

रावसाहेबांनी मान वर करून प्रथमच माझ्याकडे पाहिले. "हा कोण?"

"हाच तो मुलगा," आप्पा घाईने म्हणाले. "मॅट्रिकला आहे. पहिल्या तिघांत असतो. आपल्या कानावर घातलं होतं मी."

"असं. बस, बस." ते हसले. खरोखर मायेने हसले, हे मला सांगितले पाहिजे. "हे बघ बाळ. मी चाळीस वर्षं पक्षी मारतोय. पाण्यात पाय ठेवून उभा असलेला जिवंत पक्षी, आणि पाण्यावर एक तरंग नाही? असं पाणी फक्त परातीत असतं. मी रागावलो नाही. मांडणी सुंदर आहे. असं करू. खाली लिहा, 'भुसा भरलेल्या पक्ष्याची नैसर्गिक मांडणी.' मी त्याला पहिलं बक्षीस देतो. आणि हा ज्याचा हात आहे त्याची शिफारस फंडाकडे. मुलगा कल्पक आहे असं लिहीन. सही करून टाक."

याही वेळी येऊन बसलेल्या जोशीबुवांनी तिथल्या तिथे दौत पुढे केली. आप्पांनी टाक माझ्या हातात दिला आणि हळूच कानाशी म्हणाले, "कर रे सही. काय फरक पडतो? पक्षी काय कोर्टात जाणार आहे?"

तो टाक हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. एवढे आठवते की मला कॉलेजचा जिना दिसला नाही, बांचा चेहराही दिसला नाही. मला फक्त तो आवाज ऐकू आला, मीठ ओढल्याचा, न थांबता. चार दिवस त्या पक्ष्याची भीड मोडायला जिने इरले उन्हात वाळत टाकले, तिने एक मेलेला पक्षी उभा केला होता, असे मी सहीनिशी लिहायचे. मी टाक दौतीत परत ठेवला.

"मी सही करणार नाही. पाण्यावर तरंग होते."

"कुठे आहेत?"

"आप्पांनी पेन्सिलीने भरले."

रावसाहेबांनी आप्पांकडे पाहिले. मग आप्पा म्हणाले, "नारायण, जा, आत जा," आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा बारीक झाला होता. मी आत गेलो. काचांच्या फळीवरून ती काच काढली, टर्पेंटाइनची बाटली आणि कापसाचा बोळा घेतला आणि बाहेर आलो. आप्पांना समजायच्या आत मी काच मेजावर ठेवून बोळा फिरवला. पेन्सिल सहज निघते. तासाभराचे काम दोन हातांत गेले.

"अरे, अरे! माझी काच!" आप्पा ओरडले. जोशीबुवा उठून उभे राहिले. मी ती काच खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि रावसाहेबांना म्हणालो, "पाहा."

त्यांनी खिशातले भिंग काढले. मोठा माणूस होता, पाहायला नाही म्हणाला नाही. चोचीची ती रेघ, पायांशी दोन वलये. ते फार वेळ पाहत राहिले. भिंग मिटवले तेव्हा त्यांचा चेहरा थकलेला दिसला.

"जिवंत होती," ते म्हणाले.

मला वाटले झाले. मी हसलोसुद्धा असेन.

"पण बाळ, मी शिफारस चित्राची करीत नाही, मुलाची करतो. ज्याचं मीठ खातोस त्याचा हात पाहुण्यांदेखत पुसलास. असा मुलगा फंडाच्या नावावर मी कॉलेजात पाठवणार नाही." ते उठले. दारापाशी जाऊन आप्पांना म्हणाले, "रंगकाम केलेली चित्रं आम्ही प्रदर्शनात घेत नाही, हे तुम्हांला ठाऊक असेलच."

त्याच दुपारी आप्पांनी माझी वळकटी ओट्यावर ठेवली. त्या काचेचे पुढे काय झाले मला कळले नाही. छाप एकही उरलेला नाही. आज कुणी मला म्हणेल, की आजोबा, तुम्हीच सांगता म्हणून आम्ही मानायचे. माना किंवा मानू नका. ती जिवंत होती. पुढे मी मुरबाडच्या शाळेत दोन वर्षे साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले, मग कॉलेजात गेलो, इतरांहून थोरला होऊन वर्गात बसलो आणि पदवी घेतली. फंडाच्या यादीत माझे नाव नाही याची मला कधी लाज वाटली नाही. आप्पा वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला ओळखले आणि आत बोलावले.

वळकटी घेऊन मी शाळेतल्या एका मास्तरांच्या पडवीत गेलो आणि तिथे बसून, दिवस मावळायच्या आधी, आत्याला पत्र लिहिले. तिला ते बाळकुमच्या शाळेतले गुरुजी वाचून दाखवणार हे गृहीत होते. ती गेल्यावर तिच्या कापडाच्या पेटीत ते सापडले. जसेच्या तसे देतो.

*ती. गं. भा. चांगुआत्या हिस नारायणाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.*

*कॉलेजातली फुकट जागा गेली. आप्पांकडचे राहणे सुटले. मी एका मास्तरांच्या पडवीत आहे, जेवलो आहे, काळजी करू नये. बांना तू सांग, मी सांगितले तर ते जाळे टाकून कल्याणला येतील.*

*आपली ढोकरी मेलेली होती असे लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिले नाही. नंतर जिवंत होती असे त्यांनीच कबूल केले, तरी जागा दिली नाही. कारण मी आप्पांचे काम सर्वांसमोर पुसले. ते मी पुसले, आणि आधी त्यांना ती चोचीची रेघ भरू दिली नसती तर बरे झाले असते, एवढीच चूक मला मान्य आहे.*

*तू चिंबोऱ्यांची पाटी घेऊन आप्पांकडे येशील आणि पोराला पदरात घ्या म्हणशील, हे मला दिसते आहे. येऊ नकोस. माझ्यासाठी कुणाच्या पाया पडू नकोस. मॅट्रिकची परीक्षा मी देणार आहे. ती द्यायला कुणाची शिफारस लागत नाही.*

*गुरुजींना नमस्कार. गुरुजी, हे वाचून झाल्यावर मुलाने मोठ्या माणसांशी नमते घ्यायला हवे होते असे आपण आत्याला समजावून सांगाल. अवश्य सांगावे. पण त्याआधी ही शेवटची ओळ मोठ्याने आणि दोनदा वाचावी, कारण ती मिठावर असेल तर तिला वाऱ्यात ऐकू जात नाही:*

*आत्या, तू पाहिलेस ते मी खोटे होऊ दिले नाही.*

*तुझा नारायण*